महाडला नेमका कोणता नियम मोडला गेला?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सिग्नल तोडल्याबद्दल माझ्या नातवाला नुकताच दंड झाला. मी त्याला रागावले, तेव्हा तो म्हणाला, "आजी, नियम मोडणाऱ्यांनीच इतिहास घडवला आहे. महाडला बाबासाहेबांनीही कायदा मोडलाच ना?" त्यावर मला उत्तर सुचले नाही. नियम किंवा सत्ता झुगारण्याला अर्थ केव्हा येतो? – एक वाचक, सातारा

उत्तर : सिग्नलचा प्रश्न लवकर निकालात काढता येईल. सिग्नल तोडणाऱ्याला तो नियम नको असतो असे नाही. उलट बाकीच्यांनी तो पाळावा, अशीच त्याची अपेक्षा असते, कारण आडव्या रस्त्यावरची वाहने थांबली नाहीत तर पहिला धोका त्यालाच असतो. शिवाय पोलिसाने पाहू नये, अशीही त्याची इच्छा असते. त्यामुळे याला सत्तेला दिलेले आव्हान म्हणता येत नाही, ही निव्वळ सवलत लाटणे झाले.

महाडची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे कायदा मोडला गेला हे आपल्या नातवाचे गृहीतकच चुकीचे आहे. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये संमत केला होता आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरीही तीन वर्षे अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते कागदोपत्री मिळालेला हक्क बजावत होते. त्यांनी मोडला तो कोणाच्याही सहीशिक्क्याशिवाय गावभर चालणारा रूढीचा हुकूम. त्याची ताकद किती होती, हे त्याच दिवशी दिसले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्या चालल्या. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. कायद्याने वागणाऱ्यांनी मार खाल्ला आणि माघार घेतली ती कायदा राबवणाऱ्यांनी, हा क्रम नातवाला जरूर सांगावा.

खरी परीक्षा त्यानंतर आली. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी मंडळींनी तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा लावून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. म्हणजे आता पाण्याला हात लावणे हा खरोखरच न्यायालयाचा आज्ञाभंग ठरणार होता. मंडपात हजारो लोक जमले होते आणि त्यांतले पुष्कळ जण तुरुंगात जायलाही तयार होते. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः परिषदेत येऊन सबुरीचा सल्ला दिला. बरीच चर्चा झाल्यावर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय लोकांपुढे ठेवला आणि लोकांनी पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक काढली. आलेल्या माणसांना हे पचवणे सोपे गेले नसणार. परंतु न्यायालयाचा हुकूम पाळणाऱ्या याच परिषदेने २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे जाहीर दहन केले होते, हे ध्यानात घेतले की या निर्णयामागचा विचार उलगडतो. तळ्यावर जाण्यापासून माणसांना अडवणारा अधिकार मुळात जिथून आला होता, तिथेच त्यांनी घाव घातला आणि ज्या न्यायालयात आपली बाजू मांडणे शक्य होते, तिथे ती मांडायचे ठरवले.

खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च १९३७ मध्ये निकाल लागला आणि अस्पृश्यांना वगळणारी रूढी अनादिकाळापासून चालत आल्याचे सनातनी पक्षाला सिद्ध करता आले नाही. हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. इतिहासात असे योगायोग क्वचितच सापडतात. गांधीजींनी त्यांच्यासमोर राजद्रोहाचा आरोप कबूल करून कठोरात कठोर शिक्षा मागितली होती, कारण ज्या सरकारचा कायदा त्यांनी मोडला होता, ते सरकारच त्यांना अमान्य होते. महाडकर सत्याग्रहींचे भांडण मुख्यतः शेजाऱ्यांच्या सत्तेशी होते आणि त्या सत्तेविरुद्ध सरकारी कायदा कधी उपयोगी पडत होता, तर कधी आड येत होता. मनाईहुकूम पाळला म्हणून डिसेंबरचे पाऊल मार्चपेक्षा मवाळ होते, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही, कारण मार्चमध्ये प्रश्न एका तळ्याचा होता आणि डिसेंबरमध्ये माणसाची पायरी जन्मावरून ठरवणारी सगळी व्यवस्थाच जाहीरपणे नाकारली गेली.