भाऊ जळगावचा, जामीन इंदूरला: कायदा सगळ्यांना सारखा आहे का?

तुमचा भाऊ इंदूरला अटकेत आहे, जामीनदार जळगावचा, म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलात. कागदावर सारखा आहे, जामिनाच्या खिडकीशी मात्र नाही. तरी तुमच्या भावाचा जामीनदार केवळ जळगावचा आहे म्हणून नाकारता येत नाही. मी इंदूरच्या कोर्टात वकिलांकडे मुनशी आहे. इथे जामीनदाराकडे पहिल्यांदा ऋण पुस्तिका मागतात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या जमिनीचं नोंद-पुस्तक. जळगावचा सातबारा पुढे केला की बाबू तो उलटसुलट करून परत सरकवतो. ज्याचं इथल्या गावी शेत आहे तो संध्याकाळी घरी. इंदूरच्याच नंदानगरात भाड्याच्या खोलीत राहणारा आत. गुन्हा एकच असला तरी!

नेमका हाच वाद 1978 साली ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश’ खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे गेला होता. गवंडीकाम करणारा माणूस, मागितलेला जामीन 10,000 रुपये, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून जामीनदार म्हणून तोही नामंजूर. कोर्टाने 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, त्या गवंड्याला सोडायला सांगितलं. अर्जात हा निकाल लिहाच.

गुन्हा जामीनपात्र असेल, म्हणजे जामीन हक्काने मिळणारा, आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 478 प्रमाणे आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यात हा हक्क नाही, तिथे रक्कम कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.