‘शॅपरोन’ म्हणजे पाठराखीण का?

‘शॅपरोन’ला मराठीत ‘पाठराखीण’ म्हणावं का, असं विचारलंय. म्हणू नये. पाठराखीण लग्न लागल्यावर नवरीसोबत सासरी जाते. शॅपरोनचं काम लग्नाआधीचं: कुमारिकेबरोबर नाचाला, नाटकाला जायचं नि तिच्यावर लक्ष ठेवायचं. आणि कृपा करून ‘चॅपरॉन’ म्हणू नका. शब्द फ्रेंच आहे, सुरुवात ‘श’नेच होते. बाई म्हणून स्पेलिंगच्या शेवटी ‘e’ अक्षर जोडायची इंग्रजी खोडही निराधार. सोबतीला बाई असली तरी फ्रेंचात हा शब्द पुल्लिंगीच.

मूळ अर्थ मात्र टोपी. डोकं झाकून खांद्यावर उतरणारी, तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखी. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या गोष्टीतल्या लाल टोपीवाल्या मुलीच्या फ्रेंच नावात हाच शब्द आहे. पंधराव्या शतकात हौशी लोक ती चेहऱ्याच्या भोकातून डोक्यावर चढवून तिचं लांब शेपूट भोवती गुंडाळू लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३३चं चित्र आहे, त्यातल्या माणसाच्या डोक्यावर तेच लाल शॅपरोन आहे. त्याला ‘पगडी’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा नीट बघावं.

टोपीच्या मागे लॅटिन ‘काप्पा’, म्हणजे अंगरखा, झगा. इथे खरी गंमत! फ्रान्समधल्या तूर शहराच्या संत मार्टिनने आपला झगा कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. तो झगा फ्रँक लोकांच्या राजांनी जपला. झग्याची जागा ती ‘काप्पेल्ला’, राखणारे ते ‘काप्पेल्लानी’. त्यातूनच चॅपेल (छोटं प्रार्थनाघर) आणि चॅप्लेन (तिथला पाद्री) आले. गोव्यातलं ‘कपेल’ही याच कुळातलं, पोर्तुगीजांबरोबर आलेलं.

टोपीची बाई कशी झाली? कोशकार सांगतात, टोपी डोकं सांभाळते तशी बाई मुलीला सांभाळते. हे मला फार गुळमुळीत वाटतं. टोपी काय, थंडीवाऱ्यापासून सगळ्यांनाच सांभाळते! शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवतात त्या चामडी टोपीलाही फ्रेंचात शॅपरोनच म्हणतात. ती घातली की पक्ष्याला काही दिसत नाही, तो फडफडत नाही, हातावर गप्प बसतो. सावज समोर आलं की मालक ती काढतो. अठराव्या शतकातल्या इंग्रज माता मुलीसोबत बाई धाडत, ती नेमक्या याच कामासाठी. माझं मत ससाण्याच्या बाजूने आहे, आणि कोशांनी निदान त्याचा उल्लेख तरी करावा.