कोरी फिल्म वाचण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

सोनोग्राफीत काही मिनिटांत पित्ताशय दिसतं, मग ओरल कोलेसिस्टोग्राम (गोळ्या देऊन पित्ताशय क्ष-किरण फिल्मवर उमटवायची जुनी तपासणी) अजून का शिकायचा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्या तपासणीचे दिवस संपले. १९८० च्या आगेमागे सोनोग्राफीने तिची जागा घेतली आणि ते रुग्णांच्या भल्याचंच झालं. तरी तू ती मन लावून शीक. ‘काहीच दिसलं नाही’ याचा अर्थ कसा लावायचा, हे तिच्याइतकं चांगलं दुसरी कुठलीच तपासणी शिकवत नाही, असं माझं मत आहे.

फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाची क्लोरीनयुक्त संयुगं पित्तावाटे बाहेर पडतात, हे एबल आणि राउनट्री यांनी १९०९ मध्ये दाखवलं होतं. सेंट लुईसचे सर्जन ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी कोल यांनी तो धागा पकडला. क्लोरीनऐवजी क्ष-किरण अडवणारा जड अणू जोडला, तर पित्ताशयच फिल्मवर उमटेल की! १९२४ मध्ये ते उमटलं. तेव्हा औषध शिरेतून द्यायचे. तोंडाने घ्यायचं औषध नंतर आलं. पुढे सर्वाधिक रुळलं ते आयोपॅनोइक आम्ल. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे तीन अणू. नेहमीचा डोस ३ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. रात्री हलकं, बिनतेलातुपाचं जेवण झाल्यावर घ्यायच्या.

आता त्या गोळ्यांचा प्रवास डोळ्यांसमोर आण. त्या आतड्यात विरघळतात, आणि त्यासाठी तिथे पित्तक्षार लागतात. रक्तात गेल्यावर औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून यकृतापर्यंत पोहोचतं. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पित्तात सोडतं. ते पित्त सिस्टिक डक्टमधून, म्हणजे पित्ताशयाच्या नळीतून, पित्ताशयात शिरतं. पण तेवढ्याने फिल्मवर पुरेसं दिसत नाही. पित्ताशयाचं अस्तर पाणी शोषून घेतं, औषध मात्र आतच राहतं आणि दाट होत जातं. म्हणून फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळी, साधारण बारा-चौदा तासांनी. आदल्या दुपारी स्निग्ध जेवण देण्याची पद्धतही होती, म्हणजे जुनं पित्त रिकामं होऊन नव्याला जागा मिळे.

या साखळीतली कुठलीही कडी तुटली, तर फिल्म कोरीच येणार. म्हणून आधी रुग्णाला विचारायचं. गोळ्या खरंच घेतल्या का? सगळ्या? उलटी झाली का, जुलाब झाले का? पित्ताशय आधीच काढून टाकलंय का? (हसू नकोस, पोटावरचा व्रण बघायला काय जातं?) मग रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) बघायचं. कावीळ असेल तर यकृत औषध पुढे सोडणारच नाही, अशा वेळी ही तपासणी मुळात करायचीच नसते. इतकं सगळं ठीक निघालं की दुसरा डोस देऊन पुन्हा फिल्म. तरीही पित्ताशय उमटलं नाही, तरच सिस्टिक डक्ट बंद आहे किंवा पित्ताशयाचं अस्तर आजारी आहे असं म्हणता येई.

औषध देण्याआधीची साधी फिल्म कधीही गाळायची नाही. कॅल्शियमयुक्त खडे तिच्यातच दिसतात. भोवती औषध भरलं की ते त्यात लपू शकतात. कोलेस्टेरॉलचे खडे उलटे, ते औषध भरल्यावरच काळ्या पोकळ्यांसारखे दिसतात. रुग्णाला उभं करून फिल्म घेतली की हलके खडे तरंगत एका पातळीवर रांगेत थांबतात. पॉलिप, म्हणजे अस्तराला चिकटलेली गाठ, मात्र जागची हलत नाही. शेवटी स्निग्ध पदार्थ देऊन पित्ताशय आकुंचन पावतं का तेही बघत. भिंतीतल्या बारीक पिशव्या कधीकधी तेव्हाच कळतात.

मळमळ, जुलाब, लघवीला जळजळ हे नेहमीचे त्रास. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल किंवा डोसवर डोस दिले, तर प्रकरण गंभीर होई, म्हणून पाणी तोडायचं नाही. जाता जाता आणखी एक: हे औषध टी-फोर या थायरॉइड संप्रेरकाचं अधिक प्रभावी टी-थ्री होणं अडवतं, त्यामुळे थायरॉइडच्या तीव्र उद्रेकात ते उपचार म्हणूनही वापरलं गेलं. परीक्षक हे विचारतात.

पुढच्या महिन्यात तुझी न्यूक्लियर मेडिसिनमध्ये पाळी आहे. तिथे हायडा स्कॅनमध्ये (शिरेतून दिलेला किरणोत्सारी समस्थानिक पित्तातून कुठे जातो ते टिपणारी तपासणी) पित्ताशय भरलं नाही, की रिपोर्ट लिहिण्याआधी रुग्ण किती तास उपाशी आहे ते विचार. नुकतंच जेवला असेल तर पित्ताशय आकुंचन पावत असतं. चोवीस तासांहून जास्त उपाशी असेल तर ते आधीच काठोकाठ भरलेलं असतं. दोन्ही वेळा डक्ट मोकळी असूनही समस्थानिक आत जात नाही. अशी एखादी केस मिळाली, तर तू काय काय विचारलंस ते मला लिहून पाठव.

तुझे,
सर