प्रार्थनेत सांगितलेली गोष्ट

नागपूरच्या सदर भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. बुधवारी घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत त्यांनी पुतण्यासाठी प्रार्थना मागितली: नोकरी सुटली, रात्री पिऊन येतो. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातच तिघीचौघींनी मोठ्या जाऊबाईंना गाठलं, "कसा आहे हो आता मुलगा?" तेव्हापासून जाऊबाईंनी बोलणं टाकलंय. ताई लिहितात, "मी खोटं बोलले नाही, प्रार्थनाच मागितली. माफी कशाची मागू? आता तोंडच उघडायचं नाही, असं ठरवलंय. दरवर्षी नाताळच्या करंज्या आम्ही दोघी मिळून करतो, यंदा मी एकटीच लाटणार."

ताई, तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला पत्रातूनच कळतं. पण गोष्ट खरी होती म्हणून ती तुमची झाली नाही. ती त्या पोराची होती, फार तर त्याच्या आईची. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, हे फार होतं. चुगली म्हणून जी गोष्ट आपण कधी सांगणार नाही, ती "प्रार्थना करा हं" म्हटलं की सहज सांगून टाकतो. देवाला त्याचं नाव-गाव सांगायला चौघींची काय गरज? घरी गुडघे टेकून नाव घ्या, हवं तितकं रडा. सभेत मात्र, ज्याचं दुःख आहे त्याला विचारल्याशिवाय नाही. नाव न घेता "आमच्या घरातला एक मुलगा" म्हणणंही नको. बाया पाच मिनिटांत ओळखतात.

माझ्या आईकडे दुपारी कूलरसमोर बसून कुणी तिसरीबद्दल सुरू झालं, की ती लसूण सोलता सोलता म्हणायची, "थांब, तिलाच हाक मारते, चहा ठेवतेच आहे." रागावून नाही, खरंच उठायला लागायची. विषय तिथेच मिटायचा.

तोंड न उघडण्याचं म्हणाल तर ते करू नका. बायबलच्या 141 व्या स्तोत्रात दावीद राजा आपल्या ओठांच्या दाराशी पहारेकरी मागतो, कुलूप मागत नाही. पहारेकरी विचारतो, कोण, कुठे, कशाला; आणि जायला हवं त्याला जाऊ देतो. आपल्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. बाप्तिस्मा बाळपणी द्यायचा की कळत्या वयात, इथपासून मतभेद होते. 1929 पासून बोलणी चालली, शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. त्या लोकांनी अबोला धरला असता तर?

तेव्हा जाऊबाईंकडे जा. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय (मत्तय 5). म्हणजे चर्चमध्ये पुढचं प्रभुभोजन घेण्याआधी. एकट्या जा, भाऊजी घरी नसताना. एवढंच म्हणा, "तुमच्या घरची गोष्ट तुम्हाला न विचारता मी चौघींत बोलले. चुकलं माझं." पुढे "पण मी प्रार्थनेसाठीच" हे आलं की मागितलेली माफी वाया गेली. त्या रागावतील, जुनं काही काढतील. ऐकून घ्या. ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं, असं याकोब बायबलमधल्या आपल्या पत्रात म्हणतो, ते अशाच दुपारी कठीण जातं.

पुतण्याचीही माफी मागा, वेगळी. सर्वांत जास्त उघडा तो पडलाय, आणि त्याचं आपण कुणी नावही काढत नाही. दारूबद्दल त्या दिवशी एक अक्षर नको. सभेतल्या बायांनी पुन्हा विचारलं तर नवी माहिती देऊ नका, खुलासाही नको. "मी ते बोलायला नको होतं," एवढं म्हणून पुढचं गीत काढा. लाकडं संपली की आग विझते, असं नीतिसूत्रांत आहे.

करंज्यांचं आत्ताच विचारू नका. जाऊबाईंनी स्वतःहून खोबरं किती आणायचं विचारलं, तर सांगा.