वडिलांना पॅरालिसिस झालाय, घरी नेताय? आधी एवढंच बघा

ताई, घाबरू नका, सुरुवात सगळ्यांनाच जड जाते, हळूहळू हात बसतो. एअर बेड, व्यायामाचे प्रकार वगैरे नंतर बघू.

१) दर २ तासांनी कूस बदला. अंग पुसताना माकडहाड, टाचा, खुबे रोज नीट बघायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा, तरीही लालच राहिला तर बेडसोअरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. तिथे तेल लावून चोळायचं अजिबात नाही (घरातले मोठे हमखास सांगतात), त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

२) लुळा हात धरून ओढून उठवू नका, नवीन माणसं हेच करतात आणि खांदा निखळतो. व्हीलचेअर त्यांच्या चांगल्या (लुळ्या नसलेल्या) बाजूला लावा, ब्रेक आधी.

३) सरळ बसवूनच भरवा, नंतर अर्धा तास बसू द्या. सारखा ठसका लागला तर डॉक्टरांना सांगा.

आणि चमचा धरणं, तोंड पुसणं त्यांचं त्यांना करू द्या, कितीही वेळ लागला तरी. रात्रीची पाळी भावाबरोबर वाटून घ्या, सगळं एकटीने अंगावर घेतलंत तर तुम्हीच आजारी पडाल.