‘प्रतिपिंडे भरपूर’ म्हणजे ‘प्रतिकारशक्ती चांगली’ का?

प्रश्न असा आहे: स्पेनमधल्या कुत्र्यांच्या लीशमॅनियासिस या परजीवीजन्य रोगावरचा मजकूर मराठीत आणताना ‘रक्तात प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) प्रमाण खूप जास्त आढळले’ याऐवजी ‘कुत्र्याची प्रतिकारशक्ती उत्तम आहे’ असे सोपे करून लिहिले तर चालेल का?

नाही चालणार, अर्थ थेट उलटा होईल.

‘प्रतिकारशक्ती’ आपण अंगातल्या ताकदीसारखी बोलतो. ती वाढते, खालावते, काढ्याने सुधारते. या आजारात मात्र किती प्रतिकार झाला यापेक्षा कोणत्या तऱ्हेचा झाला, यावर सगळे ठरते. लीशमॅनिया इन्फँटम हा परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून आत शिरतो आणि जंतू गिळून मारणे हेच जिचे काम, त्या मॅक्रोफेज पेशीतच बिऱ्हाड करतो. प्रतिपिंडे पेशीबाहेर फिरतात, आत दडलेल्याला ती गाठू शकत नाहीत. त्यासाठी टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारे प्रथिन सोडून मॅक्रोफेजला चेतवावे लागते, मग ती नायट्रिक ऑक्साइड तयार करून परजीवीला मारते. हे ज्याला साधते तो कुत्रा लागण होऊनही ठणठणीत राहतो, आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडे बहुधा कमीच सापडतात.

ज्याला साधत नाही त्याच्या शरीरात प्रतिपिंडांचा पूर येतो. परजीवीच्या प्रथिनांशी जुळून त्यांचे पुंजके होतात आणि मूत्रपिंडात, डोळ्यांत, सांध्यांत साचतात. अशा कुत्र्यांच्या मृत्यूचे मुख्य कारण मूत्रपिंड निकामी होणे हेच असते. बॅलेरिक बेटांवरच्या इबिझन हाउंड या शिकारी जातीत पेशींचा प्रतिसाद जोरकस दिसतो. बॉक्सर आणि जर्मन शेफर्ड मात्र लवकर आजारी पडतात.

म्हणून माझे मत असे, की ‘प्रतिकारशक्ती’ इथे बाजूला ठेवून ‘पेशींचा प्रतिसाद’ आणि ‘प्रतिपिंडांचा प्रतिसाद’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग करावेत. ‘लागण’ आणि ‘आजार’ हेही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत लागण झालेली कुत्री आजारी कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मराठीत हा भेद आयताच आहे, तो वाया का घालवावा?

आणखी एक. या रोगाला ‘काळा आजार’ म्हणू नका. भारतातला काळा आजार लीशमॅनिया डोनोव्हानीमुळे होतो आणि वाळूमाशी तो माणसाकडून माणसाकडे नेते. कुत्र्याच्या रोगाला तेच नाव दिले, तर बिहारमधल्या रोगाचा ठपका वाचक विनाकारण तिथल्या कुत्र्यांवर ठेवतील.