सणाला गरजू मुलांना खेळणी वाटणाऱ्या संस्थेने धार्मिक खेळणी दानात घ्यावीत का?

घ्यावीत, पण सरसकट वाटू नयेत. ज्या घराला चालतील तिथेच द्यावीत. अमेरिकेत ‘टॉईज फॉर टॉट्स’ या अशाच खेळणी वाटणाऱ्या संस्थेने 2006 साली बोलणाऱ्या येशूच्या 4,000 बाहुल्या आधी नाकारल्या, कारण कोणते कुटुंब कोणत्या धर्माचे हे त्यांना ठाऊक नव्हते. नंतर स्वीकारल्या. म्हणजे घोळ घेण्यात नाही, वाटपात असतो. नोंदणीच्या अर्जात ‘धार्मिक खेळणे चालेल का?’ एवढाच रकाना ठेवा. धर्म विचारू नका, लोक बिचकतात. अशी खेळणी वेगळ्या खोक्यात, वर ठळक चिठ्ठी लावून. आणि कागदात गुंडाळलेले दान घेऊच नका, आत काय आहे ते कळत नाही आणि भलत्याच घरी पोचते. मात्र सोबत प्रचारपत्रक किंवा प्रार्थनेला येण्याची अट असेल, तर सरळ नकार द्या.